आवाज आधी पोचतो

मी ज्या कंपनीत होते तिचं ऑफिस पुण्यात होतं. ऑफिसांच्या मीटिंगा व्हिडिओवर घेता याव्यात म्हणून आम्ही एक सॉफ्टवेअर बनवायचो. त्यातलं माझं काम स्क्रीन शेअरचं. मीटिंगमध्ये कुणी ते बटण दाबलं की त्याच्या संगणकावरचं चित्र बाकीच्यांना दिसू लागतं. ते दिसावं म्हणून मधल्यामधे जे काही घडावं लागतं, ते आमची लहानशी टीम सांभाळायची. बाहेर कुणाला हे काम सांगितलं की लोक म्हणायचे, त्यात काय, बटण तर दाबायचं असतं. मला मात्र ते काम मनापासून आवडायचं.

बाबा पवनीला पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, विहाराच्या दाराभोवतीची पिंपळपानं, सगळं त्यांच्या हातचं. पण त्यांचं खरं काम नाटकांच्या पडद्यांचं. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात आणि प्रत्येक कंपनीला एक राजवाडा, एक जंगल, एक गावचा रस्ता आणि एक श्रीमंताचा दिवाणखाना लागतो. फ्लेक्स आला तेव्हा पाट्यांचं काम गेलं. पडदे तेवढे राहिले, कारण लाइट पडला की फ्लेक्स चमकतो आणि पुढे बसलेल्यांना राजवाड्याऐवजी नुसता उजेड दिसतो. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बाबा कापड ताणून बांधायचे आणि शिडीवर चढून रंगवायचे. मी लहानपणी त्या शेडमध्येच अभ्यास केला. रॉकेलचा आणि ऑइलपेंटचा वास आला की मला अजून गणितं आठवतात.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत आईचा फोन आला. "तुया बाबाच्या हातून ब्रश पडून रायला," ती म्हणाली. मी विचारलं, किती दिवसांपासून? ती म्हणाली, होळीपासून. आधी त्यांना वाटलं खांदा आखडला. मग कप सुटायला लागला, मग शर्टाची बटणं लागेनात. मी टीमच्या प्रमुखाशी बोलले, घरून काम करायची परवानगी घेतली आणि लॅपटॉप घेऊन पवनीला आले. घरात नेट सगळ्यात बरं शेडमध्ये मिळायचं, म्हणून रंगाच्या डब्यांशेजारीच टेबल मांडलं. बाबा खुर्ची घेऊन मागे बसायचे. त्यांना दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझं काम त्यांच्यासमोर चाललं होतं.

एक दिवस त्यांनी विचारलंच, तू नेमकं करतेस काय. मी त्यांना सांगितलं की संगणकाच्या पडद्यावर जे असतं त्याचे आम्ही एका सेकंदात अनेक फोटो काढतो. प्रत्येक फोटो आख्खा पाठवला तर कुठलंच नेट पुरणार नाही. म्हणून पडद्याचे बारीक चौकोन पाडायचे, नवा फोटो जुन्याशी ताडून पाहायचा आणि जेवढे चौकोन बदलले तेवढेच पाठवायचे. कुणी तक्त्यात एक आकडा खोडून दुसरा घातला तर तेवढी जागाच जाते. बाकीचं चित्र पलीकडच्याकडे आधीच पोचलेलं असतं, ते तो तसंच धरून बसतो.

बाबांनी विचारलं, "मंग जो मंधातच आला, त्याले कसं दिसन? त्याच्यापाशी तं जुनं काईच नाई."

त्याच्यासाठी एकदा पूर्ण चित्र पाठवावं लागतं, मी म्हटलं. वाटेत एखादा तुकडा हरवला तरी पलीकडचा संगणक पूर्ण चित्र मागून घेतो. आणि हे सगळं एकाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. मधे आमचा मोठा संगणक असतो, सर्व्हर. दाखवणारा एकदाच त्याच्याकडे पाठवतो आणि तो पाहणाऱ्या प्रत्येकाला प्रत काढून देतो, ज्याचं नेट जसं असेल तशी. बाबा म्हणाले, म्हणजे एवढं सगळं करण्यापेक्षा माणसाला घरी बोलावून दाखवलेलं बरं. ते हसले. त्या वेळी त्यांना अजून नीट हसता येत होतं.

नागपूरला दाखवलं. दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत हातापायांत आणि जिभेत बारीक सुया घालून स्नायूंची तपासणी केली. त्याचा बाबांना फार त्रास झाला. येताना बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होते. रिपोर्टसाठी पुन्हा यायची गरज नाही, डॉक्टर व्हिडिओवर बोलतील, असं दवाखान्यातून कळवलं. आम्हाला बरं वाटलं. पवनी ते नागपूर त्या खांद्याने पुन्हा करायचं म्हणजे शिक्षाच होती.

त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, म्हणजे आईने घातला. लॅपटॉप टेबलावर, बाबा मधे, आई एका बाजूला आणि मी दुसऱ्या. आभाळ भरलेलं होतं आणि नेट रडत होतं. डॉक्टर तरुण होत्या, चांगल्या बोलायच्या. ते सॉफ्टवेअर आमचं नव्हतं, पण सगळ्यांची रीत सारखीच असते. "मी स्क्रीन शेअर करते, आपण रिपोर्ट सोबतच बघू," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे रिपोर्टचं पहिलं पान आलं. वर दवाखान्याचं चिन्ह, खाली बाबांचं नाव आणि वय. अक्षरं अजून धूसर होती. डॉक्टर बोलत होत्या. इथे बघा, या लाटा, या हाताच्या आहेत. ही पुढची जिभेची. आमच्यासमोर पहिलंच पान होतं. आई चष्मा पुसून पुन्हा पुन्हा लाटा शोधत होती आणि तिथे बाबांच्या नावाशिवाय काही नव्हतं.

मला कारण माहीत होतं. आवाज हलका असतो. तो चित्राच्या रांगेत उभा राहत नाही, त्याची वाट वेगळी असते. नेट अपुरं पडलं की सॉफ्टवेअर आधी चित्र मागे ठेवतं, मग त्याचा दर्जा कमी करतं. आवाजाला शेवटपर्यंत हात लावत नाही. आम्हीही तसंच केलं होतं, त्यावर कितीतरी बैठका घेतल्या होत्या. माणूस उशिरा आलेलं चित्र सहन करतो, तुटलेलं बोलणं करत नाही, असं आमचं मत होतं. त्यामुळे डॉक्टरांचा आवाज स्वच्छ येत होता. त्या आवाजाने सांगितलं की स्नायूंना चालवणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. या आजाराला नाव आहे, औषध नाही. एक गोळी आहे, तिने थोडं सावकाश होतं, थांबत नाही. आधी हात, मग पाय, बोलणं, गिळणं. शेवटी श्वास. बुद्धीला काही होत नाही, त्यांना सगळं कळत राहील. हे सगळं बोलून होईपर्यंत पहिल्या पानावरची अक्षरं हळूहळू ठळक होत होती.

मग डॉक्टर थांबल्या आणि लाटा आल्या. आधी राखाडी फराटा, मग एकेक चौकोन करत त्या टोकदार झाल्या. बाबा पुढे वाकून त्या पाहत राहिले. दुसऱ्या पेंटरचं काम ते असेच पाहायचे, नाक जवळ नेऊन. त्यांनी एवढंच विचारलं, "डावा हात वाचन का?"

डॉक्टर म्हणाल्या, नाही काका, तोही जाईल.

कॉल संपल्यावर आईने मला बाजूला घेतलं. बाबांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती म्हणाली, "ते चित्र एवढं उशिरा आलं. दुसऱ्या कोणाचं तं नसन नं?"

"नाही आई. उशिरा आलं, पण बाबांचंच हाये."

माझ्या शिक्षणाचा तिला इतका अभिमान होता आणि तिच्या उपयोगाचं एवढंच मी तिला सांगू शकले.

पोळ्याच्या आसपास वडशाहून एका नाटक कंपनीचे मालक आले. त्यांना दिवाळीपूर्वी नवा राजवाडा हवा होता. मी तेव्हा मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन पाहते तर बाबांनी काम घेतलं होतं. मालकांना हाताचं माहीत नव्हतं, बाबांनी तो टॉवेलखाली ठेवला होता. ते गेल्यावर आई चिडली, मग रडली. बाबा म्हणाले, एक शेवटचा करू. कसा करणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

लाखांदूरला त्यांचे एक जुने सोबती होते, मी त्यांना काका म्हणायचे. तरुणपणी दोघांनी मिळून बरेच पडदे केले होते. बाबा आखायचे आणि ते रंग भरायचे. पुढे त्यांनी फ्लेक्सचं दुकान टाकलं, संगणक शिकले. बाबांनी कधी त्यावरून त्यांना टोचलं नाही आणि तेही बाबांना भाऊच म्हणत राहिले. दुकान सोडून त्यांना रोज पवनीला येणं जमणार नव्हतं आणि बाबांना एसटीचे धक्के सोसत नव्हते. मग मार्ग मीच काढला. काकांनी दुकानातल्या संगणकावर राजवाडा काढायचा, आमच्या सॉफ्टवेअरवरून स्क्रीन शेअर करायची आणि बाबांनी इथून पाहून सांगायचं. चित्र पूर्ण झालं की फ्लेक्सवर न छापता नागपूरला कापडावर छापून घ्यायचं. हे मी एवढ्या उत्साहाने मांडलं की आईसुद्धा थोडी सावरली. माझं काम पहिल्यांदाच माझ्या घराच्या कामी येणार होतं.

दुपारी माझ्या मीटिंगा आटोपल्या की आम्ही बसायचो. मी काकांना शिकवलं की आख्खी स्क्रीन दाखवू नका, फक्त चित्राची खिडकी निवडा. म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या वाढदिवसाचे बॅनर आमच्याकडे येणार नाहीत आणि नेटवरचा भारही कमी होईल. पहिले काही दिवस फार चांगले गेले. बाबा सांगायचे, काका कमान थोडी खाली घ्यायचे, आणि आमच्याकडे तेवढीच कमान हलायची. शिडी नाही, रॉकेल नाही. बाबा म्हणाले, असं आधी असतं तर माझे गुडघे वाचले असते.

मग त्यांचं लाल रंगावरून बिनसलं. राजवाड्याच्या पडद्यांना त्यांना बारीक लाल किनार हवी होती. काकांनी काढली. आमच्याकडे ती पसरट दिसत होती, कडा नसलेली. "लाल वाहून रायला," बाबा म्हणाले. काका म्हणाले, भाऊ, माझ्याकडे एकदम साफ आहे. दोघंही खरं बोलत होते. मी बाबांना समजावलं की माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक जास्त कळतो, रंगातला कमी. म्हणून पाठवताना प्रत्येक ठिपक्याचा उजेड पाठवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. त्याने खूप भार वाचतो. काळ्यावर पांढरं असेल तर काही बिघडत नाही. गडद रंगावर बारीक लाल रेघ असली की ती अशी फुटते.

"कोणाच्या डोळ्याले कमी कळते?" बाबांनी विचारलं.

सगळ्यांच्याच, मी म्हटलं. पूर्ण रंग पाठवायची सोय करावी असं मी त्याच सुमारास ऑफिसात मांडलं होतं. लोक मीटिंगमध्ये तक्ते दाखवतात, चित्रं नाही, असं उत्तर मिळालं आणि तो विषय तिथेच राहिला.

भाद्रपदात बाबांचं बोलणं जड झालं. तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं. घरात आम्हाला कळत होतं. पण लाखांदूरहून काका पुन्हा पुन्हा म्हणू लागले, भाऊ, आवाज कटून रायला. मला वाटलं नेट असेल. मी नेट तपासलं, ठीक होतं. मग मी आईचा मोबाइल घेऊन त्याच मीटिंगमध्ये शिरले, शेडबाहेर गेले, कानात हेडफोन घातले आणि बाबा पलीकडे कसे ऐकू जातात ते ऐकलं.

काहीच ऐकू येत नव्हतं. मधेच एखाद्या शब्दाचा तुकडा, पुन्हा शांतता. दारातून मला बाबांचं तोंड हलताना दिसत होतं.

नेटचा दोष नव्हता. मीटिंगमध्ये पंख्याची घरघर, कुत्र्याचं भुंकणं, भांड्यांचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर आवाज गाळतं. हजारो माणसांची बोलणी ऐकवून त्याला शिकवलेलं असतं की बोलणं म्हणजे काय. त्याच्याशी जे जुळत नाही ते गोंगाट, ते पुसून टाकायचं. बाबांचे लांबलेले स्वर आणि घसरणारी अक्षरं त्या हजारो माणसांपैकी कुणाशी जुळत नव्हती. बाबा बोलत होते आणि आमच्याच सॉफ्टवेअरने ठरवलं होतं की हे बोलणं नाही. आवाजाचं काम दुसऱ्या टीमकडे होतं, पण ते बनलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

आत जाऊन मी ते गाळणं बंद केलं. बाबांना मी सांगितलं की माइकची सेटिंग बिघडली होती. आता त्यांच्यासोबत पंखा, टिनावरचा पाऊस, कोंबड्या, आईचा मिक्सर, सगळं लाखांदूरला जाऊ लागलं आणि त्या गलक्यात काकांना निम्मंच कळायचं. काही दिवसांनी तेवढंही कळेना. मग बाबा मला सांगायचे आणि मी माइकमध्ये बोलायचे. पुढे पुढे मीही अंदाजाने बोलू लागले.

शेवटचा दिवस मला नीट आठवतो. राजवाड्याचे खांब चालू होते. बाबा डावीकडच्या खांबाबद्दल काही सांगत होते. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. मला वाटलं, तो खांब काढायला सांगत आहेत. मी काकांना तसं म्हटलं. काकांनी तो निवडला आणि पुसला. आमच्यासमोर बाकी राजवाडा जागचा हलला नाही, फक्त खांबाची जागा रिकामी झाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला उमगलं की त्यांना त्या खांबाची सावली डावीकडे हवी होती.

मी घाईने म्हटलं, बाबा, आत्ता परत येईल, एक बटण दाबलं की येतो. काकांनाही सांगितलं. खांब आलाही. पण बाबांनी मान हलवली. त्यांनी श्वास गोळा केला आणि एकेक शब्द सोडवत म्हटलं, "राऊ दे बाई. त्याले त्याच्या मनानं करू दे."

हे एवढं लांब वाक्य मला पहिल्याच खेपेला कळलं. काकांनाही कळलं असावं. मग ते म्हणाले, भाऊ, मी नीट करतो, तुम्ही काळजी करू नका. त्यानंतर आम्ही बसलो नाही.

दिवाळीच्या आधी माझ्या ऑफिसात सगळ्यांना एका मीटिंगला बोलावलं. प्रमुखांनी स्क्रीन शेअर करून एक पान दाखवलं. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीकडे स्क्रीन शेअर तयार मिळतं, आपण तेच घेणार आहोत, आपल्या टीमची गरज राहणार नाही, असं त्यावर चांगल्या शब्दांत लिहिलं होतं. पान वाचताना प्रमुखांचा आवाज दोनदा अडखळला. त्यांचंही काम जाणार होतं.

जाण्याआधी आम्ही आमचं काम मागे राहणाऱ्या दोन इंजिनिअरना समजावून द्यायचं होतं. रोज सकाळी मी माझी स्क्रीन शेअर करायचे आणि ती शेअर कशी होते ते सांगायचे. हा भाग फोटो घेतो, हा चौकोन ताडतो, हा नेटचा अंदाज घेऊन ठरवतो की आता स्पष्ट चित्र पाठवायचं की वेगाने पाठवायचं. त्या दोघांचे कॅमेरे बंद असायचे. मी जीव तोडून सांगत होते, कारण मधल्या काही गोष्टी कुठेच लिहिलेल्या नव्हत्या, आमच्या डोक्यातच होत्या. शेवटी त्यातल्या एकाने, काही वाईट हेतू नसताना, सांगितलं की नवं आलं की हे सगळं बंदच करायचं आहे, त्यामुळे इतक्या खोलात गेलं नाही तरी चालेल. मी म्हटलं, ठीक आहे. उरलेला भाग मी भराभर उरकला.

बाबा मागे बसलेले असायचे. मान पडायची म्हणून आईने खुर्चीच्या पाठीला टॉवेल बांधून तिला आधार केला होता. त्यांचं बोलणं तोवर संपलं होतं. डोळे मिटले म्हणजे हो, असं आमचं ठरलं होतं. नोकरीचं मी घरात काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. शेवटच्या दिवशी लॅपटॉप मिटून मी त्यांच्याकडे वळले तर ते माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, दुसरी मिळेल बाबा. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

पडदा छापून आला, तेव्हा मालक आणि काका तो टेम्पोतून घरी दाखवायला घेऊन आले. शेडमध्ये जुन्या दोऱ्यांवर तो टांगला. बाबांची खुर्ची समोर आणली. राजवाडा वाईट नव्हता. कमानी बाबांनी सांगितलेल्या तशाच होत्या. खांब आणि झुंबर काकांनी इंटरनेटवरून तयार घेतले होते आणि दिवाळीच्या घाईत सावल्या राहून गेल्या होत्या. लाल किनार छापताना मातकट झाली होती. मालकांनी हात लावून कापड पाहिलं, म्हणाले, बढिया, वजनाला हलका आहे, घडी करता येईल.

खालच्या कोपऱ्यात बाबांचं नाव होतं. बाबा प्रत्येक पडद्यावर बारीक ब्रशने आपलं नाव लिहायचे. पवनीत निम्म्या दुकानांवर एकेकाळी त्यांचंच अक्षर होतं. काकांनी आठवणीने नाव घातलं होतं, संगणकातल्या अक्षरांत. मायेनेच घातलं होतं. बाबांची नजर राजवाड्यावरून फिरत तिथे आली आणि पुढे गेली नाही.

"बरं झालं नं भाऊ?" काकांनी विचारलं.

बाबांनी डोळे मिटले. सगळ्यांना बरं वाटलं. मालकांनी लगेच दोऱ्या सोडायला घेतल्या. बाबांनी डोळे उघडले तेव्हा पडद्याची घडी होऊन गेली होती.

थंडीत त्यांना गिळायला जड जाऊ लागलं. नळी घालायची की नाही, यावर डॉक्टरांशी पुन्हा एकदा व्हिडिओवर बोलणं झालं. बाबांनी डोळे सताड उघडे ठेवले, म्हणजे नाही. आईने तो निर्णय मानला आणि नंतर आजवर स्वतःला तो पटवून देऊ शकलेली नाही. चैत्रात छातीत कफ झाला. भंडाऱ्याला नेलं. तिथेच गेले. शेवटपर्यंत त्यांना सगळं कळत होतं, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसंच झालं. हे बरं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

काकांच्या संगणकात तो राजवाडा अजून आहे. या हंगामात आणखी दोन कंपन्यांनी तोच छापून घेतला. काका सांगायला आले होते, संकोचले होते. एकावर त्यांनी बाबांचं नाव ठेवलं, दुसऱ्याच्या मालकांनी त्या जागी आपल्या कंपनीचं घालायला सांगितलं. आई म्हणाली, घाला.

मी पवनीतच आहे. मुलाखती चालू असतात. हल्ली मुलाखतीत आधी आख्खी स्क्रीन शेअर करायला सांगतात, म्हणजे आपण कुठून पाहून तर सांगत नाही ना, हे त्यांना दिसतं. मी करते. मग विचारतात, इतकी वर्षं नेमकं काय केलं. मी सांगू लागते. मागच्या वेळी समोरचा मुलगा भला होता, त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला की हे छानच आहे, पण आता हे सगळीकडे तयार मिळतं, तुम्हाला अजून काय येतं. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात लाइन गेली. विजेसोबत नेटही बंद पडलं. त्याच्याकडे माझं शेवटचं चित्र काही क्षण तसंच राहिलं असेल, मग गेलं असेल. लाइन अर्ध्या तासात आली. त्याला कळवून पुन्हा जोडता आलं असतं. मी तशीच बसून राहिले.

आईने आतून विचारलं, झालं का. मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, मग जेवून घे, भात निवून चालला.